मिसेस फॉसेटकडचा चहा

मेबल अ‍ॅकरॉइडने यॉर्कशरच्या डोंगराळ गावात सगळा जन्म काढला, चीजच्या कारखान्यात हात झिजवले आणि गोड बोलण्याला कधी किंमत दिली नाही. तिथे ती कोणीच देत नाही. 'लव्हली' म्हटलं की बोलणं आटोपलं असं समजायचं. 'एकदा चहाला या हं' म्हटलं की आपण 'नक्की' म्हणायचं आणि वार विचारायचा नाही. वार विचारणारा अडाणी ठरतो.

मेबल एकदाच चुकली. तिचा नवरा वॉल्टर शहरातल्या इस्पितळात शेवटच्या घटका मोजत होता, दिवस रविवारचा होता आणि रविवारी बस नसते. गल्लीच्या टोकाला मोठ्या घरात राहणाऱ्या मिसेस फॉसेटने चर्चच्या दारात मेबलचे दोन्ही हात धरून म्हटलं होतं, "काहीही लागलं तरी सांग हं, डिअर. अगदी काहीही." म्हणून मेबल गेली आणि तिने गाडीतून सोडायला सांगितलं.

"अगं, किती आनंदाने आले असते!" मिसेस फॉसेट म्हणाली. "पण आज जेवायला पाहुणे आहेत ना. कळवत मात्र राहा हं."

गाडी दारातच उभी होती. सोमवारच्या पहिल्या बसने मेबल पोचली, तेव्हा वॉल्टरच्या पलंगावर धुतलेली चादर घातली होती.

मेबल रडली कमी आणि धुमसली जास्त. दफनाला मिसेस फॉसेट काळे हातमोजे घालून आली आणि जाताना म्हणाली, "एकदा चहाला ये हं." मेबल "नक्की" म्हणाली. या बाईला सोडायचं नाही, अशी तिने तिथेच मनाशी गाठ मारली.

उन्हाळ्यात कळलं की मिसेस फॉसेटकडे बिशपसाहेब चहाला येणार. मेबलने कारखान्यातल्या डोराला गाठलं.

"टोपी घाल. चहाचं आमंत्रण आहे."

"कुणाचं? त्या नाकाने कांदे सोलणारीचं? शुद्धीवर आहेस ना?"

"तुला कधी म्हणाली नाही, चहाला ये म्हणून?"

"भेटेल तेव्हा म्हणते मेली!"

"मग झालं तर."

कारखान्यातल्या प्रत्येकीला ते आमंत्रण केव्हा ना केव्हा मिळालंच होतं. बिशपसाहेबांचा पहिला घोट घशाखाली उतरतो न उतरतो, तोच दिवाणखाना टोप्यांनी भरून गेला.

"तुम्ही इतकं प्रेमाने बोलावलंत," मेबल मोठ्याने म्हणाली, "न येऊन कसं चालेल?"

"वा! किती आपुलकीचं घर!" बिशपसाहेब खूश झाले.

आता 'चालत्या व्हा' कोणत्या तोंडाने म्हणणार? मिसेस फॉसेट 'लव्हली, लव्हली' करत कपामागून कप भरत राहिली. काकडीची सँडविचं संपली, केक संपला, शेवटी डोराने बिशपसाहेबांच्या बशीतलं बिस्किटही उचललं. मिसेस फॉसेटच्या मानेवर लाल चट्टे उठले. ते बघून मेबलला आनंद झाला, अगदी मनापासून, आणि त्याची तिला जराही लाज वाटली नाही.

किटली घेऊन मिसेस फॉसेट तिच्यापाशी वाकली आणि दातओठ खात कुजबुजली, "काय हवंय तुला माझ्याकडून?"

"त्या रविवारी गाडी हवी होती. आता नको." मेबलने रिकामा कप पुढे केला. "ओता. आणि हसा जरा, बिशपसाहेब बघतायत."