आमच्या दारातून दिसणारी गल्ली

आमच्या खानदानात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी जिथं जाईन तिथं सांगते; कोणाला मिरवणं वाटलं तर वाटो. पण आईनं माझ्या कॉलेजचं फाटकसुद्धा पाहिलं नव्हतं. वर्षाच्या शेवटी चित्रांचं प्रदर्शन होतं. त्यात माझं चित्र लागावं आणि ते पाहायला तिनं यावं, एवढंच मला हवं होतं.

शहराच्या कडेला, वाडीला, ट्रकांच्या गोदामांमागे आमची गल्ली. तोंडाशी घरमालकाचं दुमजली घर, दोन्ही बाजूंना भाड्याच्या खोल्या आणि पार शेवटी, गल्लीकडे तोंड करून, आमची. सरांनी तेव्हा पर्स्पेक्टिव्ह शिकवलं होतं : डोळ्यांच्या उंचीवर आडवी रेघ, तिच्यावर एक बिंदू आणि लांब जाणारी प्रत्येक रेघ त्या बिंदूकडे. मी मालकाच्या घरापाशी बसून गल्ली काढली. टिनांच्या कडा, नाली, विजेच्या तारा, सगळं बिंदूकडे धावत सुटलं. सर खूश. मी ऐटीत कागद घरी नेला.

"हे मालकाचं घर," आईनं लगेच ओळखलं. "अन् आपलं कुठी हाय?"

मी बोट ठेवलं.

"हे? माचिसची डबी मोठी असते वं यापेक्षा! काहून असं?"

"लांबचं लहान दिसते, आई."

"तुले लांबचं हाय का ते? त्यातच तर झोपते ना तू? मी नाही येत जा."

मग मी नव्या कागदावर आमची खोली चांगली ऐसपैस काढली. सरांनी कागद लांब धरून पाहिला. "हे घर मागून चालत येऊन राहिलं का?" सगळा वर्ग हसला. हसू मलाही आलं, पण चित्र परत आलं.

रविवारी फुगून उंबऱ्याच्या आत बसले होते. आई पायरीवर भाताचा गंज घासत होती. तिच्याकडे पाहिलं, तर तिच्या खांद्यापलीकडे, गल्लीच्या टोकाला, मालकाचं घर दिसलं. अंगठ्याएवढं! नियम बरोबर होता, मीच भलत्या टोकाला बसले होते.

तिथूनच रेघा ओढल्या. आमची निळी चौकट कागदभर, पायरीवर गंज आणि गल्ली बारीक होत होत गेलेली. सरांनी चित्र ठेवून घेतलं. त्याआधी आईनं ते बराच वेळ पाहिलं होतं.

"अन् मालक कुठी गेला?"

मी बोट ठेवलं. ती पदर तोंडाला लावून हसली. "बिचारा! भाडं मागायले किती लांबून येते!"

प्रदर्शनाला ती दीक्षाभूमीवर जायची पांढरी साडी नेसून आली, गल्लीतल्या बायांना घेऊन. मालकीणबाईही होत्या. त्या चित्राजवळ वाकल्या. "आमचं घर एवढुसं काहून काढलं?"

मी तोंड उघडायच्या आत आई पुढे झाली.

"लांबचं लहान दिसते, बाई. नियमच हाय तसा."