कोणाजवळ न बोलायची मुळी

गोदाबाईच्या आतड्यातली कॅन्सरची गाठ काढली, पण पोटावरची जखम काही केल्या मिटेना. जखम मिटल्याशिवाय पुढचं औषध सुरू करता येत नव्हतं, अन् औषध लांबलं तर गाठ पुन्हा डोकं वर काढायची. डॉक्टरीणबाईनं बजावून विचारलं, "घरचं काही घेता का? काढा, झाडपाला?"

"नाही बा," गोदाबाई म्हणाली. चक्क खोटं!

उकव्याच्या जंगलाकडच्या एका वैदूनं तिला गाठीवरची मुळी दाखवली होती. आदल्या संध्याकाळी झुडपाले हळद-तांदूळ वाहून न्योता, म्हणजे घरी यायचं आवतण द्यायचं, सकाळी मुळी मुकाट्यानं खणून उकळून प्यायची, अन् कोणाजवळ ब्र काढायचा नाही. बोललं की गुण गेला. तशी आपल्या गावात, लालबर्ऱ्यात, ती बोलणार तरी कोणाजवळ? नवरा गेलेला. पोरगा मोहित सुरतेले, त्याचा फोन म्हणजे "बरी आहेस ना?" अन् कट. दिवसभरात तोंड उघडायचं ते त्या झुडपापाशी. "उद्या ये वं बाई माझ्या घरी," म्हणायची. एवढाच काय तो पाहुणा.

पुढच्या खेपेला जखम आणखीच उसवली होती. पुन्हा टाके घालावे लागतील म्हटल्यावर तिचं अवसान गळालं. रडत रडत तिनं मुळीचं सगळं सांगून टाकलं.

डॉक्टरीणबाई रागावली नाही. "काकी, गाठीले वाढायले रक्त लागते. त्यासाठी ती नव्या रक्तनळ्या तयार करते. काही झाडांच्या अर्कानं त्या नळ्या रोखता येतील का, यावर मोठमोठ्या प्रयोगशाळेत काम चालू आहे. पण जखम भरायलेही नव्या नळ्याच लागतात ना! तुमच्या मुळीत काय आहे, मले ठाऊक नाही. सध्या बंद करा. अन् पट्टी रोज बदलायची. घरी कोण आहे?"

मुळीचं सांगितलं होतं, पण हे सांगताना तिची जीभच उचलेना. "कोणी नाही," ती कशीबशी म्हणाली.

दवाखान्यातली नर्स रचना लालबर्ऱ्याचीच निघाली. ड्युटीवरून परतताना ती रोज यायला लागली. पट्टी बांधायची, चहा प्यायची, सासूची गाऱ्हाणी सांगायची. गोदाबाई दुपारपासूनच दाराशी बसायची. जखम हळूहळू भरत आली.

"झालं काकी!" एक दिवस रचना खुशीत म्हणाली. "आता पट्टी नको. उद्यापासून मी येत नाही. तुमचं औषध सुरू होते."

जिवावरचं टळलं होतं. हसावं, देवापुढं साखर ठेवावी, तर गोदाबाईचा चेहरा पडला.

"एवढी घाई काहून वं?" ती म्हणाली.