सुईची घंटा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे, बायकोनं फोनवरचं बटन दाबलं आणि मी बघत बसलो.

मुखेडला आमचं घर. मी सातवी नापास, उभा जन्म पिठाच्या गिरणीत गेला. लातूरच्या लेकीनं तिचा जुना लॅपटॉप दिला आणि सांगितलं, "बाबा, एआयला मराठीत सांगा काय पाहिजे ते. कोड लिहून देतंय. चुकलं की चुकलं म्हणा, परत लिहितंय." तीन महिने तेच करत राहिलो. कोड चिकटवायचा, चालवायचा, लाल अक्षरं आली की ती तशीच त्याला परत द्यायची. गिरणीचा पट्टा बसवायला शिकलो तसंच हेही, मोडून मोडून. त्यातून बायकोच्या फोनवरची घंटा तयार झाली. तिला शुगर होती. सकाळी आठ आणि दुपारी साडेबारा, जेवणाआधी इन्सुलिनची सुई. ती विसरायची.

घंटा वाजली की फोन विचारायचा, सुई घेतली का? खाली एकच बटन, 'घेतली'. ते दाबेपर्यंत घंटा थांबायची नाही.

एआयनं मला विचारलं होतं, सुईनंतर जेवण लांबलं तर धोका असतो, जेवणाचीही आठवण टाकू का? मी लिहिलं, गरज न्हाई, आमच्या घरात जेवायचं कुणाला शिकवावं लागत न्हाई.

त्या दिवशी दुपारी तिनं सुई टोचून घेतली, बटन दाबलं. घंटा थांबली, पण बटन हिरवं व्हायला पाहिजे होतं ते झालं नाही. मी लॅपटॉप उघडला.

"आवो, ताट वाढू का?"

"थांब जरा."

"त्या मशीनला 'कृपया' लिहिता. मला कधी म्हणलात का?"

"ते ऐकतंय म्हणून म्हणतो. तू गप बस, येडे."

ती हसली आणि दाराशी बसली. लग्न झाल्यापासून माझ्याआधी ती कधी जेवली नव्हती. मला ते आवडायचं.

दोनला म्हणाली, "हात थरथरायलेत."

"मग पड जरा. मला काम करू दे."

तिला घाम फुटला होता. मी तो बघितला होता. तिथंच ती आडवी झाली. तीनच्या पुढं कधीतरी बटन हिरवं झालं. मी हाक मारली, "ऊठ, वाढ आता." ती उठली नाही.

नांदेडला नेताना नायगावच्या पुढं गाडीतच तिचा श्वास थांबला. डॉक्टरनं विचारलं, "सुईनंतर काय खाल्लं होतं?"

"मी जेवलो नव्हतो."

"तुमचं नाही विचारत, त्यांचं विचारतोय."

"तेच सांगायलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला पुढच्या खोलीत ठेवलं होतं. माणसं किनवटच्या पाहुण्यांसाठी खोळंबली होती. आठला फळीवरचा तिचा फोन वाजायला लागला. तिची धाकटी बहीण म्हणाली, "मेल्यावर तरी सोडा तिला, दाजी." लेक माझ्याकडं न बघता म्हणाली, "बाबा, बंद करा ते."

बंद करायचं दुसरं बटन मी ठेवलंच नव्हतं. उठलो, फोन घेतला, 'घेतली' दाबलं.

हिरवं झालं.