दारातला बूट

मीनाचा फोन आला तेव्हा मी बेलग्रेव्ह रोडवर भाजी घेत होते. "वसू, शशी गेला गं... सकाळी, चहा पिता पिता. आणि एक ऐक, आपल्या मराठी मंडळाच्या लोकांना भाषण करू द्यायचं नाही." नवरा गेल्याच्या पहिल्या तासात बाईला हे सुचावं, यावरूनच काय ते समजा. भाषण अर्थात झालंच. क्रिमेटोरियममध्ये मंडळाचे अध्यक्ष उभे राहिले आणि म्हणाले, डॉक्टर शशिकांत फार शांत, मनमिळाऊ, त्यांनी कधी कुणाला दुखवलं नाही. मेलेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय! शशी शांत नव्हता. चांगला भांडकुदळ होता, आणि ज्या गोष्टीवरून तो भांडला ती याच अध्यक्षांनी चादरीखाली झाकली होती.

आम्ही पुण्याला एका वर्गात. मी लग्न करून थेट इथं इंग्लंडात, लेस्टरला आले, तो आणि मीना आधी लिबियात गेले. तिथल्या सरकारी हॉस्पिटलात तो भूल द्यायचा. ऑपरेशन थिएटरमधली सलमा नावाची नर्स त्याला अरबी शिकवायची आणि मीनाला खजुराच्या वड्या. इथं आल्यावरही दर ईदेला तिला फोन ठरलेला. मग एका वर्षी बड्या देशांची विमानं तिच्या देशावर गेली. त्यात आमचीही होती, म्हणजे माझ्या आणि शशीच्या टॅक्सवर उडणारी. सलमाचा फोन काही दिवस नुसता वाजत राहिला, मग वाजेनासा झाला... टीव्हीवर सुटातले लोक सांगत होते की हे सगळं तिथल्या माणसांच्या भल्यासाठी आहे. बळी तो कान पिळी, आणि वर म्हणतो, मी तुझे कान साफ करतोय! तो गुळगुळीत आवाज ऐकला की मला आजही टीव्ही फोडावासा वाटतो.

पुढे कितीतरी वर्षांनी, लिबियाखालच्या वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या काही देशांनी मिळून परक्या फौजांना निघा म्हणून सांगितलं, तेव्हा शशी लहान मुलासारखा खूश झाला. मी म्हटलं, "अरे, तिथले राज्यकर्ते काय संत आहेत? बंदुका घेऊनच खुर्चीवर बसलेत." तो म्हणाला, "नाहीत संत. उद्या त्यांचेच लोक त्यांनाही हाकलतील. पण घर त्यांचं आहे ना, वसू?" त्या वर्षी मंडळाच्या गणपतीचा देखावा त्याच्याकडे होता. पुण्याचा माणूस, देखावा म्हणजे नुसत्या दिव्यांच्या माळा हे त्याला मान्यच नव्हतं. माझ्या गॅरेजमध्ये आम्ही खळ शिजवली आणि जुन्या वर्तमानपत्रांचा लष्करी बूट केला, कमरेइतका उंच. त्याच्यापुढे पुठ्ठ्याची मातकट घरं, एकमेकांना खेटून, सगळ्यांची दारं बंद. आणि पाटी, मराठीत आणि इंग्रजीत: कृपया बूट बाहेर काढा.

प्रमुख पाहुणे म्हणून इथले एक ब्रिटिश खासदार येणार होते. त्यांची गाडी आली तसं अध्यक्षांनी चादर मागवली आणि देखावा झाकला. "डॉक्टर, प्लीज, एम्बॅरसिंग होईल हो. आपण इथे गेस्ट आहोत." चाळीस वर्षं इथल्या लोकांना भूल देऊन झाल्यावर शशी गेस्ट! आणि मग ते झालं. आम्ही सगळे मोज्यांवर, आणि पाहुणे चकचकीत बुटांत सरळ मूर्तीकडे निघाले. एरवी चपलेवरून पोरांवर खेकसणाऱ्या कमिटीतल्या एकाचंही तोंड उघडेना. शशी पुढे झाला. "सॉरी सर, शूज प्लीज." पाहुण्यांनी "ओ, ऑफ कोर्स!" म्हणत तिथंच वाकून बूट काढले. एका मोज्याला भोक होतं, त्यावर स्वतःच हसले. मग शशीनं चादर ओढली. पाहुण्यांनी बूट पाहिला, पाटी वाचली, आणि हसू मावळलं. "व्हेरी पॉवरफुल," म्हणाले आणि आरतीला न थांबता गेले.

त्यानंतर शशीला मंडळाचा एकही मेसेज आला नाही. हळदीकुंकवाला मीना वगळली गेली. तो म्हणायचा, "जाऊ दे गं." पण दर गणपतीत संध्याकाळी तो उगाच गाडी घेऊन मंडळाच्या हॉलवरून चक्कर मारून यायचा. आरती ऐकायला... हे मला मीनानं तो गेल्यावर सांगितलं. मला त्या लोकांचा भयंकर राग आहे, आणि तो मी सोडणार नाही.

तेराव्याला अध्यक्ष घरी आले. "वहिनी, यंदा तो बूट मांडावा म्हणतो, डॉक्टरांच्या स्मरणार्थ. पाटी फक्त जरा न्यूट्रल ठेवू."

मीना म्हणाली, "पाटीसकट न्या. आणि पाहुणा कुणीही येवो, चादर टाकायची नाही."

"कमिटीत विचारून सांगतो," म्हणाले. गणपती आले आणि गेले. निरोप आला नाही.

बूट मीनाच्या पोर्चमध्ये आहे. तिच्या छत्र्या त्यात असतात, पाटी तशीच पुढे. परवा मी गेले तेव्हा बॉयलर दुरुस्त करणारा माणूस दारात उभा होता. त्यानं पाटी वाचली, हत्यारांची पेटी खाली ठेवली आणि निमूट लेस सोडायला लागला. नुसतं सांगितलं तरी माणसं काढतात रे बूट, शशी. पण सांगायला तू हवा होतास.