एअरबॉक्समधलं बिऱ्हाड

"काका, आता त्या बटणाला हात लावायचा नाही," मी म्हटलं.

टिपणीस काकांनी अंगठा मागे घेतला, पण नाइलाजाने. सकाळचे नऊ वाजले होते. एप्रिलमधला शनिवार. बर्फ वितळून आठवडाही झाला नव्हता आणि आमच्या वर्कशॉपच्या दारात अकरा मोटरसायकली रांगेत होत्या. बारावी ही. ती अजून ट्रेलरवरच होती आणि तिचे मालक ट्रेलरवर चढून स्टार्टर दाबत होते.

"घरी किती वेळा दाबलंत?"

"चार-पाच."

"वीस," खालून मोरे काका म्हणाले. "मी मोजत होतो. मला दुसरं काम नव्हतं."

मी मिशिगनमध्ये ट्रॉयला एका वर्कशॉपमध्ये लीड टेक्निशियन आहे. त्याआधी पुण्याजवळ दुचाकींच्या कारखान्यात इंजिन टेस्टिंगला होते. इथल्या मराठी मंडळात माझी ओळख 'ती बाइकवाली मेधा' अशी आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. टिपणीस काका निवृत्त भूलतज्ज्ञ, वय बहात्तर. मोरे काका निवृत्त इंजिनिअर, साधारण तेवढ्याच वयाचे. पूर्वी दोघं इथेच शेजारी राहायचे, नंतर मोरे काका न्यू जर्सीला पिस्कॅटवेला गेले. तरी दर वर्षी हिवाळा सरला की दोघं एकदा बरोबर बाइक चालवतात. या वेळी मोरे काका आपली बाइक ट्रेलरवर घालून आले होते, कारण एवढं अंतर गुडघ्यांना सोसवत नव्हतं, आणि सकाळी त्याच ट्रेलरवर टिपणीस काकांची बंद बाइकही चढवली होती. पुढच्या गुरुवारी त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन होतं. त्यानंतर पुन्हा बाइकवर बसता येईल असं कोणी म्हणत नव्हतं. टिपणीस काका स्वतः डॉक्टर, त्यामुळे त्यांना ते जास्तच माहीत होतं.

म्हणजे हा शनिवार गेला की संपलं. बेत उत्तरेला मॅकिनॉच्या पुलापर्यंत जायचा होता. हॉटेल बुक होतं. दहाला निघायचं होतं.

बाइक लिफ्टवर घेतली. हिवाळाभर बंद राहिलेली बाइक सुरू होत नसेल तर बघायच्या गोष्टी चारच: बॅटरी, पेट्रोल, ठिणगी आणि हवा. याच क्रमाने बघतात, कारण याच क्रमाने त्या बिघडतात. दहातल्या आठ बाइक पहिल्या दोन पायऱ्यांवर सुटतात. त्यामुळे चौथी पायरी आम्ही जरा गृहीत धरतो. हे आमचं चुकतं.

ऑक्टोबरमध्ये टिपणीस काकांनी मला फोन करून स्टोरेजची यादी घेतली होती. टाकी पूर्ण भरा, पेट्रोल खराब होऊ नये म्हणून त्यात स्टॅबिलायझर घाला, बॅटरीला ट्रिकल चार्जर लावा. ट्रिकल चार्जर म्हणजे बॅटरीला महिनोन् महिने थेंब थेंब वीज देत राहणारं छोटं यंत्र. आणि मधूनमधून उगाच सुरू करू नका. आपल्याकडची 'रोज पाच मिनिटं चालू ठेवली की गाडी चांगली राहते' ही सवय इथल्या थंडीत घातक ठरते, इंजिन नीट तापतच नाही आणि आत पाणी साचतं. काकांनी सगळं अक्षरशः पाळलं होतं. मीही तेव्हा मोठ्या तोंडाने म्हणाले होते, "काका, एप्रिलमध्ये एका बटणात सुरू होईल."

आता ते वाक्य ते मला दर पाच मिनिटांनी ऐकवत होते.

बॅटरी तपासली. स्टार्टर फिरवताना व्होल्टेज फार खाली जात होतं, पण वीस वेळा बटण दाबल्यावर दुसरं काय होणार. बूस्टर, म्हणजे बाहेरून जोर देणारी दुसरी बॅटरी, लावला. पेट्रोलला वास ठीक होता, पंप गुणगुणत होता. सव्वानऊचे साडेनऊ झाले.

डेनिस, आमचा मालक, मागे येऊन उभा राहिला. वाईट माणूस नाही, पण एप्रिलमध्ये त्याचा पाय एका जागी ठरत नाही.

"मेधा, अजून हीच? बाहेर अकरा आहेत."

"ठिणगी बघायची राहिलीय."

"बूस्टर लावलायस ना? मग दाब. नाही झाली तर हवेच्या इनटेकमध्ये जरा स्टार्टिंग स्प्रे मार. थ्रॉटल पूर्ण उघड आणि धाड ती बाहेर."

मी दाबलं. हे लिहायला आवडत नाही, पण दाबलं, फक्त स्प्रे मारला नाही आणि मूठ पिळली नाही. अर्ध्या तासापूर्वी काकांना दम दिला होता आणि स्वतः तीन सेकंद अंगठा धरून ठेवला. इंजिन दोनदा खोकलं. मग 'फट्' असा आवाज झाला आणि सीटच्या कडेने धुराची बारीक रेघ निघाली.

"वायर जळाली," डेनिस म्हणाला.

वायर जळाल्याचा वास मला झोपेतही ओळखता येतो. हा तो नव्हता. मी टिपणीस काकांकडे बघितलं, त्यांनी मोरे काकांकडे.

"निरांजन विझवल्यासारखा वास येतोय," मोरे काका म्हणाले.

अगदी तोच होता. जळकी कापसाची वात, काजळी.

मी किल्ली काढली, बॅटरीची वायर सोडली, अग्निशामक जवळ ओढला आणि सीट उघडली. सीटखाली एक लाल कापडाची पुरचुंडी होती. म्हणजे एके काळी होती. आता तिचा एक कोपरा आणि गाठ उरली होती. आजूबाजूला उंदराच्या लेंड्या, झेंडूच्या वाळक्या पाकळ्या आणि काही तांदूळ.

"हे काय आहे?" डेनिसने विचारलं.

"थांब," मी म्हटलं आणि टिपणीस काकांना स्पीकरवर काकूंना फोन लावायला सांगितलं.

"काकू, मेधा बोलतेय. दसऱ्याला बाइकची पूजा केली होती?"

"केली ना गं. दर वर्षी करते."

"मला टाकीवर फक्त एक फूल दिसलं होतं," टिपणीस काका म्हणाले.

"तुम्ही टाकीला कुंकू लावू देत नाही, पेंट खराब होतो म्हणता. नारळ चाकाखाली नको, अक्षता टाकू नको. मग मी सीटखाली ठेवलं सगळं. तुम्ही किल्ली फ्रिजवरच ठेवता."

"सगळं म्हणजे काय काय, काकू? नीट आठवून सांगा."

"मूठभर अक्षता. कापसाचं वस्त्र. झेंडू. एक हळकुंड, एक सुपारी. आणि गुळाचा खडा."

"गूळसुद्धा?" मोरे काका म्हणाले. "वहिनी, पाहुणचारात काही कमी नाही ठेवलंत."

"भाऊजी, तुमचे गुडघे सांभाळा."

दसरा येतो ऑक्टोबरच्या आसपास. इथे बाइकवर कव्हर चढतं तेही त्याच सुमाराला. म्हणजे पूजा झाली, सहा महिन्यांचं धान्य भरलं, वर कव्हर घालून घर बंद केलं. गॅरेजमधल्या उंदराला आणखी काय हवं.

या बाइकचा एअरबॉक्स सीटखालीच आहे. एअरबॉक्स म्हणजे इंजिनात जाणारी हवा ज्यातून गाळून जाते तो प्लॅस्टिकचा डबा. मी हातमोजे आणि मास्क चढवला. "लेंड्या कोरड्या झाडू नकोस, आधी जंतुनाशक मार," टिपणीस काका म्हणाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचा आवाज डॉक्टरांसारखा वाटला. झाकण काढलं. आत घरटं होतं, टेनिस बॉलएवढं, काकूंच्या वस्त्राच्या कापसाचं आणि सीटच्या फोमचं. एका बाजूला करपलेलं. घरमालक बाहेर गेलेले होते. फिल्टरला नाण्याएवढं भोक होतं.

भोक म्हणजे खरी अडचण. फिल्टरच्या पलीकडे थेट इंजिन. आणि वीस वेळा काकांनी, एकदा मी, इंजिनाला श्वास घ्यायला लावला होता.

स्पार्क प्लग काढून बोअरस्कोप आत घातला. ही वायरच्या टोकाला बसवलेली छोटी कॅमेऱ्याची गोळी, पोटाची एंडोस्कोपी करतात तशीच. इंजिनाला दोन सिलिंडर. पहिला स्वच्छ. दुसऱ्यात पिस्टनच्या माथ्यावर एक अख्खा तांदूळ, कुंकवाने लाल झालेला.

"अक्षत," मोरे काका स्क्रीनकडे बघत म्हणाले.

बारीक नळीने तो ओढून काढला. आणखी दोन निघाले. तांदळाने इंजिनाचं फार बिघडत नाही, बहुतेक वेळा जळून जातो. हळकुंड घरट्यात सापडलं, कुरतडलेलं. सुपारी कुठेच नव्हती. काकूंची यादी मी डेनिसला इंग्रजीत सांगितली.

"ते शेवटचं किती कडक असतं?" डेनिसने विचारलं.

"आम्ही ते कापायला वेगळी कात्री ठेवतो. लोखंडी."

सुपारीचा तुकडा व्हॉल्व्हखाली अडकला तर व्हॉल्व्ह वाकतो. वाकलेला व्हॉल्व्ह चालत्या पिस्टनवर आपटला की साठ मैलांच्या वेगात इंजिन जाम होऊ शकतं, आणि त्याबरोबर मागचं चाक. वर बहात्तर वर्षांचा माणूस.

साडेदहा झाले होते. मी लिफ्टखाली बघितलं, ट्रेलरवर बघितलं, मोरे काकांनी ट्रेलर ओढणारा आपला ट्रक झाडला. टिपणीस काका घरी जाऊन गॅरेजमध्ये रांगून आले. सुपारी नाही.

"उंदराने खाल्ली असेल," ते आल्या आल्या म्हणाले. "मेधा, सोड ना आता. फिल्टर नवीन घाल आणि सुरू कर. साडेअकराला निघालो तरी उजेडात पोचतो."

"काका, ऑपरेशनमध्ये एखादी सुई मोजणीत कमी आली तर तुम्ही पोट शिवू द्यायचात?"

"ते सर्जनचं काम असतं."

"शिवू द्यायचात का?"

मोरे काका खुर्चीत बसून दोन्ही गुडघे चोळत होते. ते टिपणीस काकांना म्हणाले, "वश्या, बस खाली. बाई बरोबर बोलतेय."

डेनिसला लिफ्ट हवी होती. मी सांगितलं, आणखी एक तास, अख्खा एअरबॉक्स उतरवते. तो म्हणाला, त्या तासात तीन बाइक होतील. मी म्हटलं, ही अर्धवट बाहेर गेली तर पावतीवर सही तू कर, मी करणार नाही. तो निघून गेला आणि पुढच्या दोन बाइक स्वतः घेतल्या. मला घाम येत होता. सुपारी खरंच उंदराने नेली असेल, हेही शक्य होतंच. मग हा तास फुकटच गेला असता. त्यात स्क्रू असे बसवलेले की दिसतात पण पाना पोचत नाही. एक हातातून निसटला आणि तो शोधण्यात दहा मिनिटं गेली.

बारा वाजून गेल्यावर डबा सुटला. खाली दोन थ्रॉटल बॉडी असतात, म्हणजे हवेचे दोन नळ, प्रत्येकात एक गोल झडप. आपण हातातली मूठ पिळली की ती झडप उघडते. पहिला नळ मोकळा. दुसऱ्यात, जेमतेम तांदूळ जाईल एवढीच फट असलेल्या झडपेला टेकून, अर्धी कुरतडलेली सुपारी बसली होती.

मूठ कोणी पिळली नव्हती म्हणून ती तिथे थांबली होती. मी डेनिसला हाक मारून दाखवली. 'थ्रॉटल पूर्ण उघड' हे त्याचं वाक्य मी उच्चारलं नाही. त्याने सुपारी हातात घेतली, टेबलवर ठोकून बघितली आणि म्हणाला, "तुझं झालं की सांग. घाई नाही."

नवा फिल्टर, नवे प्लग, सगळं परत जागेवर. पावणेदोनला सुरू केली. दुसऱ्या प्रयत्नात लागली, अर्धं मिनिट अडखळली, मग एका सुरात चालली. मी दहा मिनिटं फिरवून आणली.

"पुलापर्यंत नाही," मी सांगितलं. "आज हायवे नाही आणि फार लांब नाही. लेक ह्यूरनच्या काठापर्यंत जा, साठ मैल, आणि परत या. वास आला, आवाज बदलला तर थांबा आणि फोन करा."

टिपणीस काकांचं तोंड उतरलं. मोरे काका मात्र ट्रेलरवरून आपली बाइक उतरवून घेत होते.

"साठ तर साठ. पूल काय, फोटोत असतो."

हॉटेल कॅन्सल केलं. सव्वादोनला दोघं गेले. मी उरलेल्या बाइक करत राहिले, पण फोन खिशात न ठेवता बेंचवर ठेवला होता. साडेसहाला टिपणीस काकांचा मेसेज आला: घरी पोचलो, इंजिन ठीक, मोरे बाइकवरून उतरू शकत नाही, दोघे शेजारी मदतीला आलेत. गुरुवारी ऑपरेशन झालं. मोरे काकांनी बाइक जूनमध्ये विकली.

आमच्या स्टोरेजच्या यादीत मी एक ओळ वाढवली आहे: सीट उघडून बघा, आणि घरातल्या प्रत्येकाला विचारा की आत काही ठेवलंय का. यंत्राबद्दल मालकाला विचारून भागत नाही, त्याला अर्धंच माहीत असतं. मागच्या हिवाळ्याआधी ही यादी मी मराठी मंडळातल्या सात घरी पाठवली. दोन घरांतून हो आलं.

काकूंनी फोन केला होता, जरा रागातच. "म्हणजे आता पूजेचं ठेवायचं तरी कुठे?"

"देवघरात, काकू."

"बरं," त्या म्हणाल्या. "पण बाइकची किल्ली तिथे ठेवली तर चालेल ना?"

मी म्हटलं, चालेल.