नसलेल्या ब्रेकरला गाडी हळू झाली

आमचं मालक, लालासाहेब, झोपंतच गेलं. लोकं म्हंत्यात सुखानं गेलं. व्हय, पर त्यांच्यापायी माझा जीव त्याच्या आदीच एकदा गेलाता, त्येच सांगते.

उभा जल्म ट्रक चालवला त्यांनी. सांगलीतनं हळद न्ह्यायची, लोणंदच्या बाजारातनं कांदा आणायचा. कुठला चढ फसवतोय, कुठल्या वळणावर पावसात माती येती, समदं पाठ. दुसरं डायवर फोन करून इचारायचं त्यास्नी.

त्या दिवशी म्या सांगलीला लेकीकडं गेल्ते. येताना त्यांच्याच गाडीत बसले, कोरेगावला घरी यायला. मागं हळदीची पोती. दुपारचं लख्ख ऊन. रहिमतपूरच्या अलीकडं त्यांनी गाडी एकदम हळू केली. म्होरं कोण न्हाई, काय न्हाई.

“आवं, काय झालं?”

“काय झालं म्हंजी? शाळेचा ब्रेकर हाय की.”

ब्रेकर न्हवताच. नवं डांबर पडलंतं, त्यात गेलाता. ह्यो माणूस बगून चालवतोय का आठवून? म्हनलं इचारावं.

“त्या पाटीवर काय लिवलंय वं?”

“तुला वाचाया येत न्हाई व्हय? रहिमतपूर.”

पाटी खताच्या दुकानाची हुती.

तवर म्होरं उसाची ट्रॉली, पंक्चर हून रस्त्यातच उभी. म्या वरडले, “ट्रॉली! थांबा!” खाडकन ब्रेक मारला. उसाची टोकं काचंला लागायचीच राहिली. गाडी मागं घिऊन कडंला लावली.

“कवापास्नं दिसंना?”

“दिवाळीपास्नं जरा धुरकट झालंय. रस्ता म्हाइत हाय की मला.”

“आन ट्रॉलीच्या जागी शाळेचं पोर असतं म्हंजी?”

तर म्हंत्यात, “कोरेगाव हितंच हाय. तू सांगत जा, मी चालवतो.”

म्या उतरले आन गाडीच्या म्होरं जाऊन उभी ऱ्हायले.

“सर गं बाजूला. लोकं बगत्यात, शाले.”

“बगू द्यात. माझं तोंड दिसतंय का तुमाला हितनं?”

त्यांनी काचंवर वाकून बगितलं. मग इंजान बंद झालं.

ज्यांची गाडी, त्या शेठचा नंबर म्या लावून दिला. ह्येच म्हनलं, “शेठ, दुसरा डायवर धाडा. मला दिसत न्हाई.” एवढं म्हनून फोन माझ्याकडं धरला. बंद करायचं बटन त्यास्नी घावंना.