हणमंतदादांच्या डोहातले मरळ आणि खडस

मी लहान असताना आमच्या जतच्या वस्तीवर पाणी टँकरनं यायचं. आधी मेंढरं प्यायची, मग उरलं तर आमच्या आंघोळी. अशा घरातला मी पहिला पदवीधर. शिकलो, सांगलीत मास्तर झालो, हे मी कुणालाही मान वर करून सांगतो. नदीकाठी कसं बसायचं ते मात्र हणमंतदादांनी शिकवलं. गेल्या महिन्यात शाळेला निघालो होतो, तेवढ्यात दादांच्या घरनं वहिनींचा फोन आला. "भावजी, ह्यांनी झोपंतच..." दादा गेले होते. मी गाडी तशीच आष्ट्याच्या रस्त्याला लावली.

आष्ट्याच्या अलीकडं, नदीकाठच्या एका गावात दादांचा ऊस. फौजेतून हवालदार होऊन परतलेले. नोकरीच्या सुरुवातीला एका रविवारी मी सहज नदीतल्या त्यांच्या डोहावर जाऊन उभा राहिलो होतो. गळावरची नजर न काढता त्यांनी विचारलं, "कुठलं गाव रं?" मी जत म्हणालो. तसे ते म्हणाले, "मेंढरं राखणाऱ्याला मासा काय कळतोय?"

"न्हाई कळत. पर तुमी मघाधरनं बसलाय, तुमालाबी कुठं गावलाय?"

ते हसले आणि दगडावर जरा सरकून बसले. त्या मोकळ्या जागेवर मी पुढं कितीतरी रविवार बसलो...

दादांचा जीव खडसावर. पुस्तकात त्याला महाशीर म्हणतात. सोनेरी खवल्यांचा, ओढ लावली तर हात भरून आणणारा मासा. तो लागला की दादा त्याला डोळे भरून बघायचे, प्रवाहाकडं तोंड करून पाण्यात धरायचे आणि दम आला की सोडून द्यायचे. मरळ मात्र त्यांचा वैरी. तो कडेच्या गवतात दबा धरतो आणि खडसाची पिल्लं गिळतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. मग काय, फौजी माणूस, लढाईच पुकारली. मरळाची पिल्लं पाण्याच्या वरच्या अंगाला एका घोळक्यानं फिरतात आणि खाली आईबाप राखण करतात. जवळ येईल त्याला चावतात. दादा त्या घोळक्यावरनं गळाला लावलेली बेडकी ओढायचे. आईबाप हमखास लागायचे. रोज कालवण. वहिनी म्हणायच्या, "मरळ खाऊन खाऊन आता माज्या अंगाला खवलं यायची."

दोन-तीन वर्षांत डोहातला मरळ संपला आणि चिलापी, म्हणजे बाहेरनं आलेला तिलापिया मासा, माजली. गळ टाकला की बोटाएवढी चिलापी. एक अख्खा हंगाम खडस दिसला नाही. दादांनी गळाची काठी माळ्यावर टाकली, नदीचं नावही काढेनात. एका संध्याकाळी आपणहून म्हणाले, "मास्तर, चुकलं गड्या. मी राखणदारच मारला. आता चिलापीची पिल्लं खायाला कोण न्हाई, आन् ही चिलापी खडसाची अंडी साफ करती."

"पर मरळ खडसाची पिल्लं खातो, हेबी खरंच की."

"खातोय. खाऊ दे. माज्या आज्ज्याच्या आधीपासनं दोघं एका पाण्यात हायत. मधी मी कोण?"

हे शास्त्र म्हणून मी सांगत नाही. आमच्या गळांना जे दिसलं ते सांगतोय.

आता मरळ आणायचा कुठनं? मी म्हणालो, "आमच्या तळ्यात हाय." दादांना हसू आवरेना. "जतंत मासं? आवं मास्तर, आधी पाणी तर दावा." पण उन्हाळ्यात तळं आटलं की मरळ चिखलात तग धरून राहतो, हे आमच्या वस्तीवरच्या पोराटोरालाही ठाऊक. दादांच्या मोटारसायकलवर आम्ही गेलो. माझे वडील गुडघाभर चिखलात उतरले, हातानं चाचपून एकेक मरळ काढून दिला. ओल्या पोत्यात तो लय वेळ जगतो. निघताना वडील म्हणाले, "नदीवाल्यास्नी पयल्यांदाच आमी कायतरी देतूय." त्या वाक्याचा मला आजही अभिमान आहे.

दादांनी ते मरळ गवताच्या कडेला एकेक करून सोडले. पारावर दादांचं हसं झालं. "हवालदार आता दुश्मन पाळाय लागलं." दादांनी ऐकून घेतलं आणि एकच सांगितलं, "पिल्लं संगं हायत तवर मरळाला गळ लावायचा न्हाई." सुरुवातीला कोण ऐकतंय? मग पावसाळाभर दादाच डोहावर जाऊन बसायचे. कुणी बेडकी घेऊन आला की त्याला चहा पाजून परत धाडायचे. लाजेनं का होईना, माणसं थांबली.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. ओंजळीत वीतभर खडस होता. "पोर हाय," हळूच म्हणाले, "हितंच जन्मलंय." आमची शेवटची भेट तीच...

दादांचं कार्य झाल्यावर मी डोहाकडं गेलो. मागनं वहिनी आल्या. ओच्यात पिकलेली उंबरं होती. गळ टाकण्याआधी दादा मूठभर उंबरं पाण्यात सोडायचे. आधी माशांचं, मग आपलं. वहिनींनी मूठ सोडली. गवताशी काहीतरी हललं, मग मधल्या खोल पाण्यात तरंगत्या उंबरांखाली सोनेरी अंग वळलं.

डोहात आज मरळ आहे आणि खडसही आहे.